प्रभाची सायकल आन पाव्हणे

भोर, मंगळवार

तानाबाई, तुला आन घरच्यांना आक्काचा आशीर्वाद.

आदी आली ती मुलाची आत्या, मागनं मुलगा आन बाप. आपल्या प्रभाला बघायला बोलावलं व्हतं बुधवारी, आले काल. आमी घरात कुटं? शाळेला सुट्टी म्हणून आपल्या मास्तरीणबाईंनी, प्रभानं, मला आजीला सायकलच्या कॅरेजवर बसवून घाटात नेलेलं. दोनी बाजूंनी कडे, खाली नीरा नदी. चढाला उतरून चाललो, पर उताराला मी डोळं मिटलं न्हाईत. लई मजा आली. तुझा गुडघा बरा असता तर तुलाबी बसवलं असतं. आता कसा हाय?

परतलो तर पाव्हणे ओट्यावर. आत्या म्हणाली, "सायकल सोडली तर पोरगी पसंत हाय."

प्रभाचा चेहरा उतरला. मी म्हणलं, "सायकल रुखवतात मांडीन, लाडवांच्या शेजारी. सासरी तिच्यासंगं येईल."

मुलगा खाली मान घालून हसला. आत्या न्हाय हसली.

आई-बापाविना पोर, तिसरं स्थळ. हेबी मोडंल का म्हणून भ्या वाटतं. पर शब्द मागं घेणार न्हाय, भाऊजींनाबी सांग. सायकल पुसून दारातच ठेवलीय.

विचार करून गुरुवारी परत येतो म्हणून गेलेत.

तुझी आक्का
कस्तुराबाई