सुधीशचं पोट आणि सातशे बदकं

वैकम, ८ मार्च १९८७

चि. सौ. तंकमणीस, तुझ्या थोरल्या बहिणीचे, पंकजाक्षी चेच्चीचे पोटभर आशीर्वाद वि. वि.

सगळ्यांच्या आधी इस्पितळात हजर झाली ती माझ्या लेकीची, शैलजाची सासू! काखेत उशी, हातात थर्मास, आणि मला बघताच सुरू, की आजीनं अंडी चारून चारून नातवाचं पोट बिघडवलं. अगं, माझ्याकडची मोठाली अंडी निवडून नेते कोण? आणि दोष अंड्यांचा नव्हताच, सुधीशचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं गं. आठ वर्षांचं पोर! काल ऑपरेशन झालं.

आम्ही बदकं चारायला त्रिशूरच्या कापणी झालेल्या शेतांकडे निघालेलो. नवव्या दिवशी प्रवासी बोटीचा सारंग लांबूनच ओरडला, की नातवाला वैकमला नेलंय, पोट कापणार आहेत. मग कसली शुद्ध! बदकं काठाच्या जाळीत कोंडली नि वल्ही मारत सुटलो. जाळीचं तोंड तुझ्या भावजींनी बांधलं असं मला वाटलं, मी बांधलं असं त्यांना. आणि आपली बदकं तर नाव हलली की मागे निघायलाच शिकलेली. धक्क्याला उतरून वळून बघते, तर सातशेच्या सातशे मागे हजर! सध्या इस्पितळामागच्या कालव्यात आहेत.

पण पोराचं पोट फुगलंय. वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही, आणि नाहीच सरला तर डॉक्टरीणबाई पुन्हा पोट उघडू म्हणतात. चाललं तर सरेल म्हणे, पण दुखतं म्हणून तो खाट सोडत नाही. अख्खा वॉर्ड कान लावून बसलाय. पत्र सारंगाहाती देते, त्याच्याच हाती उत्तर दे.

माया आहे तशीच ठेव.
तुझी चेच्ची

कैनकरी, ९ मार्च

ती. चेच्चीस तंकमणीचा शि. सा. न.

तुझं पत्र माशांच्या वासासकट पोचलं. जाळीचं वाचून एवढी हसले की सुनेला वाटलं मी रडतेय, आणि पोटाचं वाचून खरंच रडले.

मला सांग, सुधीश शाळेकडे तरी कधी धड चालत गेलाय? बदकांमागे मात्र मैलभर पळतो. भावजींना म्हणावं, मिशा चावत बसू नका, त्याच्या खिडकीखाली जाऊन बदकांना हाळी द्या. डॉक्टरीणबाई रागावल्या तर माझं नाव सांगा, मी काही तिथे नाही!

अशीच धाकटीवर सावली असू दे.
तंकमणी

वैकमचा धक्का, १७ मार्च

चि. सौ. तंकमणीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या तोंडात गूळ पडो! पत्र आलं तसे तुझे भावजी उठले आणि अंगणात उभं राहून असे ओरडले, की वरच्या मजल्यावरची माणसंसुद्धा बाहेर आली. सातशे बदकं कालव्यातून पायऱ्या चढून अंगणात! पोरगं खाटेवरून खाली. शैलजा सलाइनची बाटली धरून मागे, सासू उशी घेऊन तिच्या मागे. खिडकीपर्यंत अकरा पावलं, मी मोजली. तिथे पोचला, थबकला, लाल झाला आणि आजीकडे, माझ्याकडे वळून ओरडला, की अम्मूम्मा, झालं! तंकमणी, एवढ्याशा आवाजाला सगळा वॉर्ड टाळ्या वाजवतो हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. सासू माझ्या गळ्यात पडून रडली. डॉक्टरीणबाईंनी मात्र तुझ्या भावजींच्या हाती खराटा दिला नि अख्खं अंगण झाडून घेतलं.

परवा टाके निघाले. आज शैलजा, जावई आणि सासू त्याला नाव दाखवायला घेऊन आली. पोरानं दोन वाट्या पेज पुसून खाल्ली. आमच्याबरोबर येतो म्हणून हटूनच बसला होता. महिनाभर नाव नाही, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद आहे म्हणून कसाबसा उतरवला. उद्या पहाटे आम्ही पुढे निघतो.

जीव लावतेस तशीच लावत राहा.
तुझी चेच्ची

ता. क. विषूच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी चौघंही त्रिशूरच्या शेतांवर येतायत, सासूसुद्धा. मी नावेच्या फळीवर कोळशानं तोवरच्या दिवसांएवढ्या रेघा ओढल्यात, रोज एक पुसायची. आजची पुसली.