सात पायल्यांएवढा वेळ

बाबा, तुमची जीप काल गेली. भंगार केंद्राची गाडी आली आणि तलावाच्या पाळीवरून तिला ओढत घेऊन गेली. आपला धाकटा वळणापर्यंत मागे मागे चालत गेला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ज्याचा जाब तुम्हालाच द्यावा असं माझ्या हातून काही घडलं नव्हतं. काल घडलं.

ती आली तो दिवस मला आठवतो. सुशिक्षित बेरोजगारांच्या सरकारी योजनेत तुमचा अर्ज मंजूर झाला होता, आणि दहावीच्या मार्कशीटचा शेवटी काहीतरी उपयोग झाला म्हणून आई तुम्हाला चिडवत होती. तेव्हा सरकार डिझेलची गाडी घ्यायला सवलत देत होतं, आता तीच मोडायला देतं. जुनी मोडल्याचं प्रमाणपत्र दाखवलं की नवीवर सूट. तुम्ही असता तर यावर साकोलीच्या स्टँडवर दिवसभर बोलला असता.

आणि मोजणी. मी आठवीत आहे, थंडीची सकाळ आहे, तुम्ही अंगणात चहा पिताय आणि मी शहाणपणा करून किल्ली एकदम फिरवली आहे. इंजिन खाकरतं, पांढरा धूर सोडतं आणि बंद पडतं. तुम्ही कप खाली ठेवून धावत येता. "घाई काहून करून राहिली वो? थंडं हाय ते. किल्ली अर्धी फिरव, इंजिनाचा हीटर गरम होऊ दे. धान मोजतो तसं मोज." खळ्यावर पहिल्या पायलीला आपल्याकडे कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. प्रत्येक आकड्याला एक पायली भरून ओतण्याएवढा वेळ, आणि सातव्याला किल्ली. पुढे प्रवासीही मोजू लागले. बाजाराला निघालेल्या बाया, कॉलेजची पोरं, मांडीवर कोंबडी धरलेला म्हातारा, सगळी जीप एका सुरात "लाभ" म्हणायची. तुमच्या शेजारी बसून मला फार ऐट वाटायची.

थंडीत परत सुरू करायची कटकट नको म्हणून स्टँडवर तुम्ही इंजिन बंदच करत नव्हता. सीट भरेपर्यंत तास तास त्या धुरात उभे राहायचात. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तुमच्या छातीचा फोटो बघून विचारलं, विडी ओढता का? तुम्ही म्हणालात, "नाही जी. गाडीचा धूर हाय, पण तो मागं जाते. मी त समोर बसतो." डॉक्टर हसले नाहीत. धुरानेच तुम्हाला नेलं असं कोणी लिहून दिलं नाही. पण शेवटच्या महिन्यातला तुमचा खोकला मी ऐकला आहे, आणि मला दुसरं कोणतंही कारण पटत नाही.

तुमच्यानंतर काकांनी जीप चालवली. मागच्या हिवाळ्यात तेही गेले आणि धाकटा नागपूरची ड्रायव्हरची नोकरी सोडून गावी आला. त्याने बॅटरीवरच्या गाडीची चौकशी केली, जुनी मोडीत द्यायचा फॉर्म आणला, पण सही होईना. "बाबाची गाडी हाय ताई. सुरू झाली त मीच चालवतो. नाही झाली त देऊन टाकतो," म्हणाला. परवा सकाळी शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावली. सीटवर बसला, स्टिअरिंगला हात जोडले, मोठ्याने "लाभ" म्हणाला आणि लगेच किल्ली फिरवली.

बाबा, तुम्ही मोजायचात तेव्हा तो लहान, मागच्या सीटवर आईच्या कुशीत झोपलेला असायचा, आणि काका नुसतं लाभ मोठ्याने म्हणून पुढचं मनात मोजायचे. त्याला ती मोजणी नारळ फोडण्यासारखी वाटत आली. शुभ म्हणून बोलायचा शब्द, बस. नागपूरच्या नव्या गाड्या किल्ली फिरवताच सुरू होतात, त्यामुळे बाकीचं त्याला कधी कळलंच नाही. तीनदा हात जोडले, तीनदा लाभ म्हणाला, तीनदा पांढरा धूर निघाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गेली वाटते, ताई." मी दारात उभी होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "हो, गेली."

तो आत सही करायला गेला तेव्हा मी तुमच्या जागेवर बसले. किल्ली अर्धी फिरवली. समोरची हीटरची तार लाल झाली आणि मी मनातल्या मनात सातपर्यंत मोजलं. मग किल्ली काढून घेतली. ती सुरू झाली असती. त्याने त्या स्टँडवर तुमच्या धुरात उभं राहू नये एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी मी तुमची चालती गाडी मोडायला दिली.

जीप आपल्या मरणाने गेली असं तो सगळ्यांना सांगतोय. हा कागद मी पर्समध्ये ठेवून भंडाऱ्याला माझ्या घरी घेऊन जाणार आहे. इथे ठेवला तर तो वाचेल, आणि त्याने विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही.