रुमालातला तुकडा

सोमवार, ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावाने सलाम.

माझं डावं मनगट मोडल्याचं तुला कोणीतरी तिखटमीठ लावून कळवलं असेलच. न्हाणीघरात पाय घसरला, एवढंच. हात प्लॅस्टरमध्ये आहे, जीभ शाबूत आहे. तेव्हा मुद्द्याचं लिहिते.

मधल्याला तू घरात घेतलंस. तुरुंगातून सुटल्यावर भाऊ बहिणीकडेच जाणार, हे मलाही कळतं. पण तू मला थांगपत्ता लागू दिला नाहीस. आता ऐकते की येत्या रविवारी प्रभुभोजनाला त्याला आमच्या चर्चमध्ये आणायचा तुझा बेत आहे. तो मेजाजवळ आला, तर मी उठून बाहेर जाईन. सगळ्या मंडळीसमोर जाईन.

त्याने बेकरीची गाडी तुझ्या भाऊजींच्या अंगावर घातली, तेव्हा तो प्यायलेला होता. डॉक्टरांनी ते सिद्ध केलं, कोर्टाने शिक्षा दिली. तरी माझ्याकडे बघत तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की ब्रेक लागले नाहीत. शिक्षा भोगून झाली, पण ते वाक्य त्याने अजून मागे घेतलेलं नाही. प्रभूने आपली पापं वाहिली, सबबी नाही वाहिल्या.

रविवारी मेजावर मोडून वाटायचा पाव नेहमी मी भाजते. या वेळी एका हाताने पीठ कसं मळू? पाळकसाहेब दुकानातून आणू म्हणतात. मला ते रुचत नाही.

लोभ आहे, पण सध्या हातासारखाच गळ्यात बांधून ठेवला आहे.

तुझी,
ताई


गुरुवार, ७ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग हसले. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या पत्रातून छडी बाहेर येतेच!

घाबरू नकोस, मधला येत नाही. बेत माझा होता, तो त्यानेच मोडला. ताईला तिच्याच चर्चमधून उठवायला मी जाणार नाही, म्हणाला. इथल्या एका बेकरीत त्याला भट्टीवर काम मिळालंय. दारूला शिवत नाही. आमच्या चर्चमध्ये येतो, मागच्या बाकावर बसतो, पण प्रभुभोजनाचं ताट आलं की काही न घेता शेजाऱ्याकडे सरकवतो. का, असं विचारलं तर अजून नाही, एवढंच म्हणतो.

एक विचारू? वधस्तंभावरून प्रभूने खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी कुठे कबुली दिली होती? रविवारच्या शाळेत हे तूच आम्हाला शिकवलंस. मी मध्येच प्रश्न विचारला म्हणून कोपऱ्यात उभंही केलंस.

पावाची काळजी सोड. शनिवारी संध्याकाळच्या बसने कंडक्टरबरोबर डबा पाठवते. चर्चमध्ये नेईपर्यंत उघडू नकोस, पाव सुकेल. दोरी घट्ट बांधते आहे.

हाताला जप. आणि माझ्यावरचा लोभ गळ्यातून सोडव, अवघडला असेल.

तुझी,
धाकटी


रविवार, १० मार्च

धाकटे,

आज आशीर्वाद नाही, सलाम नाही. रागाने डाव्या हाताने लिहिल्यासारखं अक्षर आलंय.

दोरी का घट्ट बांधलीस, ते आता कळलं. प्लॅस्टरच्या हाताने घरी सुटली नाही. चर्चच्या आतल्या खोलीत राखणदाराकडून कापून घेतली. बाहेर मंडळी बसलेली, पेटीवर पहिलं गीत सुरू झालेलं. झाकण काढलं, तर पावावरचा काप उलट्या बाजूला तिरका. भाजण्याआधी पावावर द्यायचा काप आईने आपल्या तिघांना एकच शिकवला, आणि तिघांत डावखुरा एकच आहे.

माझ्या नवऱ्याला मारणाऱ्या हाताचा पाव तू मला मेजावर ठेवायला लावलास. कचऱ्यात टाकायला उचललाही होता मी. तेवढ्यात पाळकसाहेब आत आले. वास घेऊन म्हणाले, बाई, एका हाताने एवढा सुरेख कसा जमवलात? मी काय सांगणार होते? पाव ताटात ठेवला. त्यांनी तो घेऊन बाहेर मोडला, पापांच्या क्षमेसाठी म्हणून सगळ्यांना वाटला. पहिल्या रांगेतली म्हातारी तर डोळे मिटून, चवीने खात होती. माझ्या हातात तुकडा आला आणि तोंड उघडेना. शेवटी रुमालात गुंडाळून घरी आणला.

खिळ्यांचं म्हणतेस. ती क्षमा प्रभूने मागितली. मी प्रभू नाही, विधवा आहे.

मला आता तुझं पत्र नको. त्याला काही सांगायचं असेल, तर त्याला स्वतःचं तोंड आहे.

ताई


शुक्रवार, १५ मार्च

ती. ताईस,
सलाम.

धाकटीने तुझं पत्र मला वाचायला दिलं. तो पाव तुझ्या मेजासाठी होता, हे मला ठाऊक नव्हतं. मी घरासाठी म्हणून भाजला होता. ठाऊक असतं तर पिठाला हात लावला नसता. तिच्यावर रागावू नकोस, असं म्हणायचाही मला हक्क नाही.

ताई, ब्रेक चांगले होते. मी पाय ठेवलाच नाही. भाऊजी मला बघून थांबले होते. मी झिंगलोय हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी हात वर करून गाडी बाजूला घे अशी खूण केली. मला त्याचाच राग आला. हे दीडशहाणे मला सर्वांसमोर थांबवणार, असं वाटलं. मग काय झालं ते तुला ठाऊकच आहे. ब्रेकचं वकिलाने सुचवलं, पण बोललो मी. तुझ्याकडे बघून बोललो, कारण तू मान डोलावली असतीस तर मलाही ते खरं वाटलं असतं.

शिक्षा भोगली म्हणजे फिटलं, असं लोक म्हणतात. फिटलेलं नाही. माझ्याने फिटणारही नाही. म्हणूनच ताट आलं की हात पुढे होत नाही.

तू क्षमा कर असं मी लिहीत नाही. तिकडे येणार नाही. तो तुकडा टाकून दे.

तुझा,
मधला


सोमवार, १८ मार्च

मधल्या,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढावी लागली.

त्यांनी हात वर केला होता, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांनी तुला पाहिलंच नाही, काही कळायच्या आत गेले. तू ते काढून घेतलंस. पण त्याच्या जागी काहीतरी दिलंसही. त्यांनी तुला थांबवायला हात वर केला. ते त्यांच्यासारखंच आहे.

फिटणार नाही म्हणतोस, ते बरोबर आहे. तुला फेडता येत नाही, आणि मला सोडून देता येत नाही. रोज गुडघे टेकून मागते आहे, अजून मिळालेलं नाही. आपल्या दोघांच्याही आवाक्याबाहेरचं जे आहे, ते प्रभूने आधीच केलंय, असं मी जन्मभर मुलांना शिकवलं. ते घोकून घेणं सोपं होतं, मूर्खा.

पण कागदावर लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. कोर्टात माझ्याकडे बघून बोललास ना, तसंच माझ्याकडे बघून हे बोल. इथे, स्वयंपाकघरात. मी रडले तर पाणी द्यायला उठू नकोस. ओरडले तर पळून जाऊ नकोस. नंतर त्या तुकड्याचे दोन करू. मला खाता येईल की नाही, ठाऊक नाही. पण तुझ्याशिवाय तो मला खाता येणार नाही, एवढं त्या रविवारी कळलं.

धाकटीला आणू नकोस, ती मध्ये मध्ये बोलते.

तुकडा फडताळात आहे, वाळून कडक होतो आहे. त्याला बुरशी यायच्या आत ये.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. आहे की नाही, ते तू दारात उभा राहिल्यावर बघू.

तुझी,
ताई