आठवी सावली

प्रिय ठमाबाई,

तू ओरडशील म्हणून आधीच सांगतो, गोळ्या वेळेवर घेतो, जेवतोही. फक्त बोलायला कुणी नाही, म्हणून दिवसभर गुंडांशी बोलतो. घाबरू नकोस गं! आमच्या नव्या कार्टून सिनेमातले गुंड, चेटक्याच्या हाताखालच्या आठ काळ्या सावल्या. राजकन्या, घोडा, बोलका पोपट ही मानाची कामं तरुण मंडळींकडे गेली आणि ज्यांना नाक-डोळेसुद्धा नाहीत ते सगळे माझ्या गळ्यात पडले. म्हटलं चला, म्हातारपणी का होईना, आपलीही टोळी झाली.

चेहरा नसला की सगळी मदार चालीवर. म्हणून आम्ही आधी स्वतः चालून बघतो आणि मग काढतो. मोठा आरसा तुझ्या खोलीत, त्यामुळे तिथून स्वयंपाकघरापर्यंत मी दबकत फेऱ्या घालत असतो. खालच्या वहिनी विचारायला आल्या, भाऊजी, बरं आहे ना? म्हटलं, उत्तम, चेटक्याकडे नोकरी लागलीय. बिचाऱ्या उंबऱ्यावरूनच परतल्या. थट्टा केली नसती तर घटकाभर बसल्या असत्या, असं नंतर फार वाटलं.

आमची दिग्दर्शिका तुझ्याच वयाची, काका काका म्हणत कान पिळते. तिचं म्हणणं, एक सावली काढा, बाकीच्या तिच्याच नकला. सात मी तशा केल्या. आठवी मात्र वेगळी उतरली. डावा खांदा जरा पडलेला, सगळ्यांच्या मागे, आणि दाराबाहेर पडली की थांबून एकदा वळून बघणार. दिग्दर्शिका म्हणाली, हिला सुधारा, रांग मोडते. मी हो हो म्हणून वेळ मारून नेली.

मग आलं शेवटचं दृश्य. ऊन पडतं आणि सगळ्या सावल्या विरून जातात. सात पटापट विरवल्या. आठवीवर हातच चालेना. कागद पुढ्यात घेऊन बसायचो, चहा गार व्हायचा, दुसरा करायचो, तोही गार. शेवटी दिग्दर्शिकेने निक्षून सांगितलं, सोमवारी ही गेली नाही तर काम दुसऱ्याला देईन. दुसरा कुणीही तिला चुटकीसरशी पुसून टाकेल, हे मला ठाऊक होतं. मग मी तिला विरवलंच नाही. ऊन अंगणात येतं तेवढ्यात ती वळते आणि परत आत जाते, एवढंच काढून दिलं. दिग्दर्शिकेने ते दोनदा पाहिलं. विचारलं, काका, ही आत काय विसरली? म्हटलं, विसरली नाही काही, दिवा मालवलाय ना ते बघायला गेली. तिने ते तिसऱ्यांदा पाहिलं. मग म्हणाली, राहू दे.

मागच्या फोनवर तू म्हणालीस, बाबा, आईचा चेहरा फोटोत सापडतो, पण ती चालायची कशी तेच आठवेनासं झालंय. आणि रडलीस. तिचं चालतानाचं काहीच नाही आपल्याकडे, व्हिडिओचा कॅमेरा कायम तिच्याच हातात असायचा. तुझा फोन ठेवला आणि तिची ती जडशीळ पिशवी डाव्या खांद्याला अडकवून मी आरशासमोर चालायला लागलो. आठवतं ना, आपण दोघं चपला घालून फाटकाशी ताटकळायचो आणि ही गॅस बंद आहे ना ते बघायला परत आत? तुझ्या गावातही सिनेमा लागेल. राजकन्येकडे बघू नकोस, शेवटच्या सावलीकडे बघ. आणि बाहेर आलीस की लगेच फोन कर, तीच आहे का ते सांग. मला तर वाटतं, तीच आहे. पण मीही आता रोज थोडं थोडं विसरतोय गं, आणि विचारायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

तुझाच,
टोळीवाला बाबा