अकरा घरं आणि एक कोठा

२६ जानेवारी, रविवार. दुपारी ३.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, म्हणून खरं तेच लिहायचं.
झेंडावंदनानंतर ग्रामसभेत आमच्या गल्लीचा विषय निघाला. नाली आणि नळाची लाइन मिळू शकते, पण दहा टक्के लोकवर्गणी घरमालकांनी भरायची. ३१ मार्चच्या आत. कोणी किती द्यायचे, ते गल्लीनंच ठरवायचं. मी फक्त ‘कशाच्या हिशोबानं ठरवायचं?’ एवढं विचारायला हात वर केला. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "घ्या, राजनंदिनीताई तयार आहेत." टाळ्या वाजल्या.
मी गल्ली समितीची सचिव झाले. समितीत अजून दुसरं कोणी नाही.
संकल्प: सगळ्यात पहिला नळ चतुरा आत्याच्या दारात.

२७ जानेवारी, सोमवार.
संकल्पाचं कारण लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. आत्या, म्हणजे अप्पांची मोठी बहीण, गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला एका खोलीत राहते. तीस वर्षांपूर्वी सासर सोडून आली तेव्हापासून. अकरा घरांच्या मोऱ्यांचं पाणी उतारानं तिच्या उंबऱ्याशी येऊन थांबतं. रोज सकाळी ती मातीचा बांध घालते, दुपारपर्यंत तो फुटतो. प्यायचं पाणी नासेरचाचांच्या बोअरवरून आणते, दोन खेपा. गुडघा सुजलेला असतो.
लहानपणी मला दमा होता आणि शाळा ओढ्यापलीकडे. चौथीपर्यंत आत्यानंच त्या खोलीत शिकवलं. उत्तर बरोबर आलं, पण अंदाजानं लिहिलं असं तिला कळलं, तर सगळी पाटी पुसायला लावायची. आज मी जी काही काटेकोर आहे, ती तिच्यामुळे.

२ फेब्रुवारी, रविवार.
सात दिवस विचार करून पद्धत काढली. माणशी घेतले तर मोठ्या कुटुंबावर अन्याय. घरटी घेतले तर छोट्या घरावर. म्हणून रस्त्याकडच्या तोंडाच्या फुटावर. जेवढं घराचं तोंड, तेवढी त्याच्यापुढची नाली. फुटाला एकशे ऐंशी रुपये. कोणाला बोलायला जागाच राहत नाही.
अप्पांना दाखवलं. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, चांगलं आहे. अप्पांचा मोठा आधार आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार.
मोजणी सुरू. लोकांचा उत्साह बघून भरून आलं. सगळे बाहेर येऊन उभे होते.
शंकरसिंगकाकांनी स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं. एकतीस फूट भरलं. म्हणाले, "ताई, उन्हानं टेप ताणला असन. अठ्ठावीस लिवा." मी समजावलं की ताणलेला टेप उलट कमी दाखवतो. ते म्हणाले, मग सावलीत मोजा. सावलीतही एकतीस.
बेबीबाई म्हणाल्या, "पोरी, आमचं घर बाहेरून मोठं दिसून राहिलं. आतून लय बारकं हाय. आतून मोज." मोजलं नाही. चहा मात्र घ्यावा लागला. समितीनं कोणाचा चहा घेणं योग्य का? उद्यापासून स्वतःची बाटली.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
बेबीबाईंच्या चहाचे दहा रुपये परत करायला गेले. त्या रागावल्या. का, ते कळलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार.
पंचायतीत बसून नमुना आठ बघितला. गावातल्या सगळ्या घरांची नोंद त्यात असते, मालकाच्या नावासकट. आमच्या गल्लीत घरं अकरा. शेवटची नोंद आत्याच्या खोलीची: मालक विश्वंभर दगडोबा, म्हणजे अप्पा. वापर: गुरांचा कोठा.
नळ फक्त घराला मिळतो. कोठ्याला नाही. नालीही शेवटच्या घरापर्यंत.
भाऊसाहेब म्हणाले, जुनी नोंद आहे, तुम्ही जागेवर जे बघाल ते लिहा, मी सही करतो. पण ही माझी सख्खी आत्या. उद्या गल्ली म्हणेल, सचिवबाईंनी घरच्यांसाठी कागद फिरवला. रात्रभर झोप नाही.

१० फेब्रुवारी.
अप्पांना विचारलं. मालक तेच, त्यांनी अर्जावर सही केली की कोठ्याचं घर होतं. अगदी रीतसर. अप्पा म्हणाले, "आज घर लिवशील, उद्या ताबा लिवशील. तुझे आजोबा वारले तव्हा तिनं हक्कसोडीवर सही करून देल्ली. कोणी हात धरला न्हवता." आमच्याकडे सगळ्याच बहिणी भावांना आपला हिस्सा सोडून देतात. त्यात अप्पांचं काही चुकलं नाही. ते फक्त कागदाला मान देतात. मीही देते.
त्यांचा आज मूड नव्हता. अर्ज लिहून ठेवला आहे. चांगल्या वेळी पुढे करीन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
नासेरचाचांना अडचण सांगितली. त्यांचं वेल्डिंगचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. वर्गणी पहिल्याच दिवशी पुढे करणारे ते एकटे; पावतीबुक आलं की घेईन. ते म्हणाले, "बेटा, घर लिख डाल ना. चूल हाय, देवाचा फोटू हाय, माणूस हाय. म्हैस चूल पेटवते का कधी?" मी म्हणाले, नोंद म्हणजे नोंद. ते हसून म्हणाले, "बराबर है. वेल्डिंग मी करतो, पन कडक तू झाली."
कौतुकच होतं ते.
अर्ज: अप्पांनी आज तूर विकली. भाव पडलेला. उद्या.

१७ फेब्रुवारी.
पावतीबुक छापून आलं. सेनगावला जाऊन आणलं. जीपमध्ये मांडीवर धरून बसले, दुमडू नये म्हणून.
अर्ज: पाहुणे होते. उद्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.
आज आत्या स्वतः घरी आली. गुडघ्यामुळे अर्ध्या वाटेत थांबून आली. पदराच्या गाठीत पैसे होते. गोधड्या शिवून ठेवलेले. म्हणाली, "नंदे, मी हातानं मोजलं. आठ हात भरलं. म्हंजी बारा फूट. दोन हजार एकशे साठ व्हतात." तोंडी केलं. बरोबर होतं.
मी पावतीबुक उघडलं, पण पावतीवर ‘घरमालकाचे नाव’ असा रकाना आहे. तिथं काय लिहिणार? खोटी पावती फाडून तिचे पैसे घ्यायचे, हे तिनंच शिकवलेल्या मला जमलं नाही. नीट समजावून सांगितलं. यादी दाखवली. तिनं चष्मा नव्हता म्हणून कागद लांब धरून वाचला. मग म्हणाली, "मंग मी तीस वर्सं कोठ्यात राहून राहिले काय गं? मला म्हाईतच न्हवतं."
आत्याचा विनोद पहिल्यापासून असाच आहे. मी हसले.
गाठ पुन्हा बांधताना तिला वेळ लागला. चहा नको म्हणाली. अप्पा आतच होते, बहुधा झोप लागली असेल.
मनात तिला अभिमान वाटला असणार, की आपली विद्यार्थिनी घरच्यांपुढेही वाकली नाही.

२३ फेब्रुवारी.
अभिमानच वाटला असणार.

१ मार्च, शनिवार.
वसुलीचा आढावा. अकरापैकी तीन घरं. बाकी आठ मनानं तयार आहेत.
बेबीबाईंनी पुढचा ओटा फोडून टाकला. म्हणाल्या, आता सहा फूट कमी धर. धनसिंग म्हणतात, घर भावाचं. भाऊ पुण्याला असतो. त्याला फोन केला, तो म्हणतो, घर धनसिंगचं. दोघं भाऊ एकमेकांना घर द्यायला तयार आहेत. आजच्या काळात असं प्रेम कुठं दिसतं?
अर्ज: क्रिकेटची मॅच होती. आपण हरलो नाही, पण उशीर झाला. उद्या.

८ मार्च, शनिवार.
महिला दिन. पंचायतीत माझा सत्कार. शाल, नारळ. भाऊसाहेब म्हणाले, अशा मुली गावोगाव हव्यात. मी भाषणात आत्याचं नाव घेतलं, माझी पहिली गुरू म्हणून. ती आली नव्हती. निरोप धाडला होता, पण बांध फुटला होता म्हणे, घरात पाणी शिरलं होतं.
घरात म्हणजे खोलीत. नोंदीप्रमाणे कोठ्यात.
संध्याकाळी नारळ द्यायला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, अंथरूण उन्हात. नारळ घेतला. फोडला नाही. मी विचारलं, रागावलीस का? म्हणाली, "न्हाई गं लेकरा. तुला काहून रागावू? तुला शिकवलं ते तू केलं."
बघा. मी म्हणत होते तेच.

११ मार्च, मंगळवार.
अर्ज आज पुढे केलाच. म्हणजे अप्पांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी त्यावर आमटीची वाटी ठेवली. नवीन लिहून काढला, डाग पडलेला अर्ज चालत नाही.

१५ मार्च, शनिवार. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी.
शंकरसिंगकाकांनी पुढचं दार विटांनी बुजवलं. सगळं घर आता मागच्या बाजूनं, बैलांच्या मधून येतं-जातं. मला म्हणाले, "ताई, आमचं तोंड आता तिकडं झालं. इकडं आमची पाठ हाय. पाठीला वर्गनी बसती का?"
नियमात पाठीचा उल्लेख नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. माझी चूक. रात्री नियम पुन्हा लिहायचे.
घरात जाताना त्यांच्या आई रुख्मिणीबाई बैलाच्या दाव्यात अडकून पडल्या. हात सुजला आहे.

१७ मार्च, सोमवार.
आत्या गेली.
जवळा बाजारला. सवतीच्या मुलाकडे. जिथून ती तीस वर्षांपूर्वी नेसत्या लुगड्यानिशी निघून आली होती, त्याच घरी. सकाळच्या जीपनं. मला नासेरचाचांनी सांगितलं, त्यांनीच पेटी जीपवर चढवली. जाताना त्यांना म्हणाली, "तिथल्या राशनकार्डात माझं नाव हाय म्हनं अजून. नाव हाय तर ऱ्हाऊ देतील."
चाचा माझ्याशी नेहमीसारखं बोलले नाहीत. ‘बेटा’ म्हणाले नाहीत.
चार दिवस हवापालट म्हणून गेली असेल. गुडघ्याला बरं. तिकडे नळ आहे.
अर्ज: आज सही घेणारच.

१७ मार्च. रात्री.
अप्पा म्हणाले, आता कोणासाठी?

१९ मार्च, बुधवार.
जवळा बाजारला फोन केला. सवतीच्या मुलानं उचलला. आत्या शेतात शेळ्या घेऊन गेली म्हणाला. गुडघ्याचं विचारलं, तो म्हणाला, कोणता गुडघा?
कालही केला होता. तेव्हाही शेतात.
रविवारी स्वतः जाईन. नक्की.

२३ मार्च, रविवार.
गेले नाही. यादी तपासायला तालुक्याचे इंजिनिअर येणार आहेत, तयारी होती. खरं लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहिते: तयारी दुपारी बारालाच संपली होती. जीप दोनची होती.

२४ मार्च, सोमवार.
अप्पांनी आत्याच्या खोलीत म्हैस बांधली. चुलीची जागा मोडून गव्हाण केली. मी पाहिलं नाही, वरूनच रेडकाचा आवाज आला.

२७ मार्च, गुरुवार.
इंजिनिअर साहेब आले. हातात माझी यादी. मी, भाऊसाहेब, मागे गल्ली.
शंकरसिंगकाकांच्या एकतीस फुटांच्या तोंडाऐवजी भिंत निघाली. बेबीबाईंच्या ओट्याऐवजी खड्डा. धनसिंग त्या घराला कुलूप लावून दुसरीकडे जेवायला बसलेले. साहेब प्रत्येक नोंदीपुढे लाल फुली मारत गेले. अकरातल्या आठ साफ चुकल्या, उरलेल्या तीन इंचा-दोन इंचांनी. वर्गणी तीन घरांची. म्हणाले, हे असं वर पाठवता येणार नाही, पुढच्या वर्षी बघा. कोणी ओरडलं नाही. उलट सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. शंकरसिंगकाका तर लगेच विटा काढायला गेले.
मला वाटलं, झालं. पण साहेब काटेकोर निघाले. शेवटची नोंद राहिली म्हणून खालपर्यंत चालत आले. पाणी तुंबलेलं होतं, बांध कोणी घातला नव्हता. साहेबांनी बूट सांभाळत आत डोकावलं. म्हैस, रेडकू, वैरण. यादी बघितली. हिरव्या पेनानं बरोबरची खूण केली. म्हणाले, "मॅडम, अख्ख्या यादीत ही एकच नोंद जागेवर जुळली."
मग शेऱ्यात लिहायला विचारलं, इथं आधीपासून जनावरंच का?
भाऊसाहेब दुसरीकडे बघायला लागले. नासेरचाचा माझ्याकडे बघत होते. अप्पाही.
मी हो म्हणाले.