चौकाच्या मागच्या भिंतीतली वाट बुजवू नये म्हणून

मौजे वरकुटे, तालुके इंदापूर
तारीख ९ जून १९३६

प्रति,
मेहेरबान अधीक्षक साहेब,
नमुना शेतांची कचेरी, पुणे

अर्जदार: प्रयागबाई भ्रतार भिमा मारकड, वरकुटे नमुना शेतावरील माजी गुराख्याची बायको.

विषय: आगीच्या वेळी फोडलेली दूधखान्याची भिंत पुन्हा न चिणता तेथे दार ठेवण्याबद्दल.

संदर्भ: भिंत मूळ नकाशाप्रमाणे पूर्ववत करण्याचा हुकूम, जो शेतावरील ओव्हरसियर मोहनराव यांनी अर्जदारास वाचून दाखविला.

मेहेरबान साहेब,

१. साहेबांचे पाय या शेतास अद्याप लागलेले नाहीत, म्हणून आधी इमारतीविषयी लिहिणे भाग आहे. कालव्याला पाणी आले त्या सुमारास कोणा विलायती इंजिनिअरने आपल्या मुलखातल्या नमुन्यावरून ती बांधविली. मध्ये फरसबंद चौक, आणि त्याच्या चारी बाजूंनी काळ्या दगडाच्या इमारती एकमेकींना जोडलेल्या. एका अंगाला गाईंचा गोठा, समोर वासरांचा गोठा व गुराख्याची खोली, कोपऱ्यात वळूची कोठडी, मागे दूधखाना. बाहेरच्या भिंतींना खिडक्या म्हणजे हात जाईल एवढे झरोके, कारण त्या मुलखात वारा बोचरा असतो म्हणे. आत-बाहेर जायला एकच कमान. कमानीच्या डोक्यावर कडब्याचा माळा आणि तिला लागूनच कडबा तोडायच्या इंजिनाची खोली. वरून टाकलेला कडबा दोन्ही गोठ्यांत आपसूक पोचतो, म्हणून पाहुणे तारीफ करतात. अर्जदार लग्न होऊन आली तेव्हा तिलाही तो किल्लाच वाटला होता.

२. गेल्या वैशाखात, भर दुपारी, इंजिनाच्या धुराड्यातून ठिणगी उडून माळ्यावरचा कडबा पेटला. इंजिनावरचा माणूस कमानीतून बाहेर पळाला. बाकीचे गडी चारी काढायला गेले होते, भिमाही त्यांच्यातच. चौकात अर्जदार होती, गुरे होती, आणि खोलीत अर्जदाराची धाकटी जाऊ कौसल्या, ओली बाळंतीण. अर्जदार धावत कमानीपाशी गेली, तोवर पेटत्या पेंढ्या वरून कमानीत कोसळू लागल्या होत्या. वाट गेली. झरोक्यातून माणूस निघत नाही. चौक धुराने भरू लागला तशी कौसल्या पोराला पदराखाली घेऊन दारात आली आणि म्हणाली, "जाऊबाई, आता कुटनं जायाचं?"

३. दूधखान्याच्या झरोक्याखाली मोरीसाठी भिंत जराशी पातळ ठेवलेली आहे. अर्जदाराने गोठ्यातली पहार घेतली व तेथे घाव घालू लागली. पलीकडून भिमाचा आवाज आला. धूर पाहून तो चारीतून पळत आला होता. त्यानेही बाहेरून पहार चालविली. तेव्हा मोहनराव तेथे आले. त्यांचे बोलणे अर्जदाराने झरोक्यातून स्वतः ऐकले. ते म्हणाले, "भिमा, सरकारी भिंत आहे. हात लावू नकोस. बारामतीला बंबासाठी माणूस धाडलाय." भिमा म्हणाला, "बंब येईस्तवर आत काय ऱ्हाईल, रावसाहेब?" आणि त्याने घाव थांबविला नाही.

४. भिंत फुटली. आधी मूल बाहेर दिले, मग कौसल्या. भगदाड वाढवून गाई काढल्या. एकेकीचे शिंग धरून ओढावे लागले. कमानीजवळ बांधलेली दोन वासरे मात्र गेली. ती किती वेळ ओरडत होती हे अर्जदार येथे लिहवीत नाही. शेवटी भिमा वळूसाठी आत गेला. त्याने कासरा सोडला तोच वरची तुळई जळत खाली आली. वळू भिमाला कासऱ्यासकट फरफटत बाहेर घेऊन आला, म्हणून भिमा आज आहे. त्याचा उजवा हात खांद्यापासून भाजला व आता वर होत नाही.

५. मोहनरावांविषयी अर्जदाराचा आकस नाही. त्यांनीच भिमाला आपल्या टांग्यात घालून बारामतीच्या दवाखान्यात नेले. ते म्हणतात, "बाई, नकाशाबाहेर एक चिरा गेला तरी जाब मला द्यावा लागतो." परंतु चौकशीत विनापरवाना भिंत फोडली एवढेच निघाले आणि भिमाचे नाव कमी झाले. माळ्याला नव्या तुळया बसल्या. त्यावर नवा कडबा चढला. इंजिनही पूर्वीच्याच खोलीत आहे.

६. गाई अजून कमानीखालून जात नाहीत. दांडके मारले तरी पाय रोवून उभ्या राहतात, आणि सोडल्या की भगदाडाकडे वळतात. साहेबांनी कोणालाही पाठवून हे पाहावे.

७. परवा गवंड्याने भगदाडात चिऱ्यांचा पहिला थर घातला. अर्जदाराने चुना ओला असतानाच तो काढून बाहेर रचला. काल पुन्हा घातला, पुन्हा काढला. गवंडी बिचारा म्हणाला, "बाई, मी पोटासाठी करतुया." अर्जदार म्हणाली, "तुमी घाला, मी काढते." आज सकाळपासून अर्जदार भगदाडातच बसून आहे. फौजदारास कळवू, असे मोहनराव सांगून गेले. त्यांनी कळवावे.

८. अर्जदार हे स्वतःसाठी करीत आहे असा कोणाचाही समज होऊ नये. भिमा व अर्जदार शेतावरून निघाली आहेत. कौसल्या माहेरी गेली आहे. खोलीत आता नवा गुराखी, पळसदेवचा गेणबा, बायको लीलाबाई व लहान मुलींसह राहतो. लीलाबाईने पहिल्याच दिवशी अर्जदारास विचारले, "रातचं कमानीचं दार कोन लावतं?" अर्जदाराने खरे ते सांगितले, की चोरीच्या भयाने पहारेकरी बाहेरून कुलूप घालतो. लीलाबाईने मुलींची अंथरुणे उचलली आणि दूधखान्यात, भगदाडाजवळ नेऊन टाकली.

९. सबब मागणे इतकेच. भिमाचे नाव पुन्हा चढवावे असे या अर्जात म्हटलेले नाही. अर्जदारास शिक्षा होणे असेल तर व्हावी, अर्जदार ती नाकारणार नाही. फक्त साहेबांनी त्या भगदाडाला चौकट बसवून गाय निघेल एवढे दार करण्याचा हुकूम द्यावा, आणि त्या दाराची कडी आतून असावी.

हुकूम येईतो भिंतीपाशीच बसलेली,

प्रयागबाई भ्रतार भिमा मारकड
निशाणी डाव्या हाताचा अंगठा

बाईने सांगितले तसे लिहून वाचून दाखविले.
दस्तुर रामहरी मास्तर, मराठी शाळा, वरकुटे