विस्तवाजवळ वाळवलेले बूट

नुओरो,
शनिवार, १४ जानेवारी १९८४

प्रिय अन्नीकाताई,

ज्या माणसाच्या पायाचं माप आपल्या बाबांनी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून घेतलं, त्याच्याबद्दल बाबांच्या मुलींनी किती काळ गप्प राहायचं असतं? मी चार वर्षं कायदा शिकले. माझ्या पदवीचा कागद बाबांनी आपल्या बुटांच्या दुकानात कलबुतांच्या, म्हणजे पायाच्या लाकडी साच्यांच्या फळीवर चार खिळ्यांनी ठोकून ठेवलाय. तरी या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही.

तू बरी असशील अशी आशा करते. इथे थंडी फार आहे, खोलीतला नळ सकाळी गोठतो. कचेरीत वकीलसाहेब मला अजून नकलाच उतरवायला देतात. जेवणाची आबाळ नाही, आईने दिलेलं मेंढीचं चीज पुरवून खाते.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दाजींचे जुने बूट बाबांकडून परत आले नाहीत, शिकारीचे अजून दोन रविवार उरलेत, तर ते शहरातून तयार बूट घेणार आहेत, कसे पारखायचे आणि कसे सांभाळायचे ते सांग, असं तू लिहिलंस. बाबा काही बोलत नाहीत म्हणून मला विचारलंस. अक्षर तुझं आहे, ताई. प्रश्न तुझा नाही. तुला हे सगळं माझ्याआधी येत होतं, मला नाडी बांधायला तूच शिकवलंस.

तरी विचारलंच आहेस तर आधी तेवढं सांगते. मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही.

बूट दुपारनंतर घ्यावेत, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. जाड लोकरी मोजे घालूनच पाय आत टाकावा. चालताना टाच वर उचलली गेली तर तो बूट आपला नाही. चामडं अंगठ्याने दाबून पाहावं. बारीक सुरकुत्या पडून पुन्हा मिटल्या तर चामडं जिवंत आहे, वरचा रंग पापडासारखा उठला तर दुकानदाराला नमस्कार करून निघावं. तळवा नुसता चिकटवलेला नको, कडेने दोन ओळी टाके हवेत. आणि नाड्यांखालची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली हवी, म्हणजे ओढा पार करताना पाणी आत शिरत नाही. शिवलेल्या जिभेला आतून एक घडी पडते. त्या घडीत काय काय अडकून राहतं, ते घालणाऱ्याला दिसत नाही.

शिकारीहून आल्यावर नाड्या काढाव्यात, चिखल ओला असतानाच ब्रशने काढावा, आत कोरडा पेंढा भरावा आणि सावलीत ठेवून द्यावं. दोन दिवस, तीन दिवस, लागतील तितके. मग मेंढीची चरबी आणि मेण तळहातावर ऊब देऊन टाक्यांमध्ये जिरवायचं. विस्तवाजवळ कधीही वाळवू नये. वरून कोरडं दिसतं, पण चामड्यातलं तेल जळतं आणि बोटांच्या वळणावर आडवी भेग पडते. ती भेग कुणाला बुजवता येत नाही. हे गावात चालायला लागलेल्या पोरालाही माहीत आहे. दाजींनाही माहीत होतं.

त्यांनी ते बूट विस्तवाजवळ वाळवले, ताई.

यापुढे मी त्यांना दाजी म्हणणार नाही, नुसतं लुसोरियो म्हणेन.

वीस नोव्हेंबरचा रविवार तू चौकात पाहिला नाहीस, तू घरात होतीस. मी शनिवारीच गावी आले होते. शिकारीच्या टोळीची गाडी खाली आली तेव्हा मी पाणवठ्यापाशी उभी होते. मागे ताडपत्रीखाली बस्तियानु होता. गोळीने त्याची मान एका बाजूने नेली होती आणि गाडी वळली की डोकं वेगळंच वळत होतं. त्याची आई रडली नाही. तिने ताडपत्री बाजूला केली, जखमेत चार बोटं घातली आणि म्हणाली, "इथून गेला माझा." मग ती बोटं तिने पुसली नाहीत.

मिक्केली गाडीतच बसला होता. त्यानेच सांगितलं होतं, "मी एक गोळी झाडली. झुडूप हललं, मला डुक्कर वाटलं." सकाळी कोण कुठे उभं राहणार याच्या चिठ्ठ्या टोपीतून काढल्या तेव्हा त्याची जागा बस्तियानुच्या सर्वात जवळ आली होती, ओढ्याच्या उताराजवळ. बस्तियानुच्या दोन भावांनी त्याला केसांना धरून खाली ओढलं आणि बंदुकीच्या दस्त्याने मारायला सुरुवात केली. हाड मोडल्याचा आवाज लाकडासारखा येत नाही, ओला येतो. तिसऱ्या चौथ्या घावाला त्याचा डावा डोळा फुटला. त्याने हात वर केले नाहीत. "मारा," म्हणत राहिला, "माझंच आहे, मारा." भोवती चाळीस माणसं होती. मी खाली पाहत होते म्हणून मला फक्त बूट दिसले, सगळे बाबांच्या हातचे. एकही जोड पुढे सरकला नाही. माझाही नाही.

लुसोरियो देवळाच्या पायरीवर उभा होता. कुणीतरी त्याला म्हणालं, "तू वरून पाहिलं असशील की."

"मी वरच्या खडकावर," तो म्हणाला. "हाका संपल्याचं शिंग वाजेपर्यंत जागा सोडली नाही. तिथून दरी दिसते, ओढा नाही दिसत."

तो प्रेताजवळ आला नाही. वरच्या वाटेने आला आणि पायरीवरच थांबला. हे मी पाहिलं, आणि तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. हाका चालू असताना जागा सोडायची नाही, हे आपल्याकडे लग्नाच्या शपथेपेक्षा जास्त पाळतात. जागा सोडलेला माणूस कुणाच्याही गोळीपुढे येऊ शकतो.

दोन दिवसांनी, मंगळवारी दुपारी तू त्याचे बूट घेऊन दुकानात आलीस, ॲप्रनमध्ये गुंडाळून. तुझा ओठ सुजला होता. "भेगा गेल्यात बाबा," म्हणालीस, "टाके पाहा. घाई नाही." माझ्याकडे पाहिलं नाहीस. लुसोरियो ते बूट फेकू शकत नव्हता, ते मला आता कळतं. गावात कुणाच्या पायात बाबांचे कोणते बूट आहेत हे सगळ्यांना पाठ असतं. नवे घातले असते तर पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं असतं. म्हणून तेच धुऊन एका रात्रीत विस्तवाजवळ वाळवले. त्याला वाटलं, सासऱ्याच्या दुकानाइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

बाबांनी उजवा बूट मांडीवर घेतला आणि चामडं टोचायच्या आरीने कडेचे टाके साफ करू लागले. चार टाके झाले आणि थांबले. आरीच्या टोकावर काळी माती होती. तीन आठवडे पाऊस नव्हता, वरचा खडक हाडासारखा कोरडा होता. ती काळी, तेलकट माती आपल्या रानात एकाच ठिकाणी मिळते, ओढ्याच्या उतारावर. मग त्यांनी जिभेची घडी उलटली. आत दोन बोटं रुंद तपकिरी डाग होता, सुकून पोपडे धरलेला.

"डुकराचं असेल," मी म्हटलं.

"रविवारी डुक्कर मेलं नाही," बाबा म्हणाले. "एकही नाही."

बराच वेळ ते त्या बुटाच्या टाचेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "शेगडीत टाक, पोरी."

"तुम्ही टाका."

"मी बनवलेत ते."

"म्हणूनच म्हणते, बाबा."

त्यांनी टाकले नाहीत. मीही टाकले नाहीत. पुढच्या रविवारी परतताना मी ते उशीच्या अभ्र्यात बांधून इकडे आणले आणि खाटेखाली ठेवले. बाबांना माहीत होतं, ते फक्त म्हणाले, "चरबी लावू नकोस."

सात आठवडे मी त्या बुटांवर झोपले, ताई. कचेरीत न्यायाच्या नकला उतरवत होते आणि घरी येऊन खाटेखाली पाहत नव्हते. मी स्वतःला सांगत होते की मिक्केलीने गुन्हा कबूल केलाय, न्यायालयाला समजेल ते समजेल. पण मी त्याला तुरुंगात भेटायला गेले, वकीलसाहेबांच्या कामाचं निमित्त काढून. डोळ्याच्या जागी कापूस होता. तो मला म्हणाला, "रिमेदिया, गोळी मी झाडली ना? मग कुणाची लागली असेल? मीच मारलं असणार." ज्याने काही केलं नाही तो माणूस आपणच केलं असं मानून बसलाय. त्याच्या तीन कुत्र्यांची पोटं फाडून ती त्याच्या आईच्या फाटकाला टांगली होती, हेही त्याला कळलं होतं. बस्तियानुचे भाऊ उघड म्हणतात, सुटला तर दारात गाठू, नाही सुटला तर आत गाठू. सुनावणी येत्या गुरुवारी आहे. गप्प राहिले तर तो मरणार, एवढं तरी मला स्पष्ट होतं. तरी मी गप्प होते, कारण बोलले तर ते भाऊ तुझ्या दाराशी येणार.

आता सहा तारखेचं सांगते. तुला काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे, की म्हाताऱ्याने स्वतःच्या हातावर हातोडी मारून घेतली.

सणाचा दिवस म्हणून मी घरी होते, मागे स्वयंपाकघरात. आई देवळात होती. लुसोरियो दुकानात आला. पडद्यातून सगळं ऐकू येत होतं.

"मामा, माझे बूट?"

"जाळले. चामडं मेलं होतं."

"तुम्ही कधी चामडं जाळलंत? नखाएवढा तुकडा जपून ठेवता."

"हे जाळलं."

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी पडदा बोटभर बाजूला केला. त्याने बाबांचा उजवा हात ठोकायच्या लोखंडावर दाबून धरला होता, आणि दुसऱ्या हातात बाबांचीच हातोडी होती. "कुठे आहेत?" अंगठा. बाबांच्या घशातून एक बारीक आवाज आला, कुत्र्याच्या पिल्लासारखा. "जाळले." पुन्हा हातोडी, शेजारचं बोट. नख उडून माझ्या बाजूला पडलं. "जाळले," बाबा म्हणाले, "विचार किती वेळा विचारायचंय."

माझ्या हातात पाव कापायची सुरी होती. मी हलले नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते.

लुसोरियोने हातोडी पुसली आणि फळीवर तिच्या खाचेत लावून ठेवली. जाताना म्हणाला, "या वयात जपून काम करावं, मामा." बाबांच्या त्या दोन बोटांत आता आरी धरली जात नाही. डॉक्टर म्हणतात, कधीच धरली जाणार नाही. मी नोव्हेंबरमध्ये बोलले असते तर ती बोटं धड असती.

आणि चार दिवसांनी तुझं पत्र आलं, नवे बूट कसे निवडावेत. त्याला खात्री करून घ्यायची होती की जुने खरंच जळले का. तुझ्या हाताला धरून लिहवून घेतलं की तू आपणहून लिहिलंस, हे मी तुला विचारणार नाही.

हे पत्र मी आपल्या गावच्या फादर एलियासच्या हाती देते आहे. लुसोरियो घरात नसेल आणि बराच काळ येणार नसेल, तेव्हाच ते तुला देतील. बस्तियानुचे भाऊ तुझ्या दाराशी येण्याआधी फादरांच्या गाडीत बसून इकडे ये. माझ्या खोलीत दुसरी खाट मांडली आहे. तू माझं तोंड पाहणार नाहीस असं ठरवलंस तर मी कचेरीत झोपेन, खोली तू वापर.

परवा, गुरुवारी सकाळी, मी तो अभ्रा घेऊन तपास न्यायाधीशांकडे गेले. त्यांनी बूट टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवले. मी टाक्यांतली माती दाखवली, भेग दाखवली, जिभेची घडी उलटून दाखवली. कोणती जागा कुणाला आली होती ते सांगितलं. लुसोरियोने का मारलं ते मला माहीत नाही, असंही सांगितलं. बाबांचा हात सांगितला. पडद्यामागे मी उभी होते तेही सांगितलं. लेखनिक टाइप करत होता. मग न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, "हे बूट तुमच्या वडिलांकडे कोणी आणून दिले?"

मी पाणी मागितलं. त्यांनी दिलं. मी प्यायले, आणि तुझं नाव सांगितलं. लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही. प्रत्येक पानावर सही केली.

तुझी,
रिमेदिया